अंडी राखली, वाळूचं काय?

मार्च संपत आला की कोकणातल्या कासवांच्या हॅचरींपुढे एक प्रश्न उभा राहतो. दिसायला अगदी किरकोळ, मांडव घालणाऱ्याला विचारावा असा. वर सावली धरायची का? धरायची तर किती दाट, आणि कोणत्या तारखेपासून? चार बांबू, हिरवं शेडनेट, थोडी सुतळी, एवढंच काम. पण त्या कापडाखालची वाळू अंशभर जरी निवली, तरी आत वाढणारी काही पिल्लं मादी व्हायची ती नर होतात. म्हणजे सुतळीची गाठ मारणारा माणूस नकळत लिंगनिवड करत असतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली ज्या राज्यानं केला, त्याच राज्याच्या किनाऱ्यावर हा उद्योग चालावा, यात थोडा विनोद आहे. सावली न धरणं हीसुद्धा निवडच. ती मादीच्या बाजूची. हात झटकून बाजूला व्हायची सोय इथे उरलेली नाही.

कासव वाचवायचं म्हणजे पहारा करायचा, ही समजूत आपल्याकडे रुजली ती सकारण. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेली. नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून तोवर वेळासची ओळख. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि त्यातली बहुतेक अंडी माणसं नाहीतर कोल्हे-कुत्रे उकरून नेतात, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच तरुणांना हाताशी धरलं. पहाटे किनारा चालायचा, वाळूवर उमटलेल्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग काढायचा, घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून कुंपणातल्या हॅचरीत तसाच सुरईच्या आकाराचा खड्डा करून पुरायची, आणि तारीख मांडून ठेवायची. पुढे आंजर्ले, गुहागर करत हे काम सिंधुदुर्गापर्यंत पोचलं. वनविभाग आला, कांदळवन कक्ष आला, कासव महोत्सव सुरू झाले, घरोघर पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय होऊ लागली. या कामाचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि ते रास्तच आहे. इथे पुन्हा करत बसत नाही.

मला बोलायचं आहे ते या पहाऱ्याच्या मर्यादेबद्दल. अंडीचोर, कुत्रा, कोल्हा, उधाणाची लाट हे सगळे शत्रू डोळ्यांना दिसणारे होते. त्यांच्यापासून अंडी हलवता येत होती. वाळूतली उष्णता कुंपणाच्या आतही असते आणि बाहेरही. तिच्यावर राखण कशी करायची?

आधी थोडा इतिहास, कारण तो फारसा सांगितला जात नाही आणि त्यात आपल्यासाठी एक खणखणीत इशारा आहे. १९६६ साली डाकारमध्ये मादलेन शार्निए या संशोधिकेनं सरड्याच्या एका जातीबद्दल लिहिलं की अंडी ज्या तापमानाला उबतात त्यावर पिल्लांचं लिंग ठरतं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सत्तरच्या दशकात क्लोद पिओ यांनी फ्रान्समध्ये कासवांच्या बाबतीत तेच दाखवलं. दशक संपता संपता टोरंटोचे निकोलस म्रोसोव्स्की आणि त्यांचे सहकारी यंटेमा यांनी समुद्री कासवांतही तोच कायदा चालतो हे सिद्ध केलं. आपल्यात लिंग ठरतं ते गर्भधारणेच्या क्षणी, गुणसूत्रांवरून. कासवाच्या अंड्यात ते ठरतं उबण्याच्या मधल्या तृतीयांश काळात, म्हणजे ढोबळमानाने तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, आणि ठरवते ती भोवतालची वाळू. साधारण २७.७ अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास सगळे नर, ३१ च्या वर जवळपास सगळ्या माद्या. मधल्या तीनेक अंशांत सगळा खेळ.

हे कळलं तेव्हा म्रोसोव्स्कींच्या मनात आलेली शंका साधी होती: मग इतकी वर्षं आपण कृत्रिम उबवणीतून जी पिल्लं सोडत आलो, ती कोण होती? दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या किनाऱ्यावर हिरव्या कासवांची अंडी सुरक्षित म्हणून थर्माकोलच्या पेट्यांत उबवत. पेट्यांतलं तापमान वाळूपेक्षा कमी राही. १९८२ साली म्रोसोव्स्कींनी दाखवून दिलं की या पेट्यांतून निघणाऱ्या पिल्लांत नरांचा भरणा वाढलेला आहे. अमेरिकेत टेक्सासच्या पाद्रे बेटावर तर याहून मोठा घोळ झाला. केम्प्स रिडले ही आपल्या ऑलिव्ह रिडलेची सख्खी बहीण; ती नामशेष व्हायच्या बेतात होती. १९७८ पासून तिची अंडी मेक्सिकोतल्या रांचो नुएवोहून आणून पाद्रे बेटावर उबवायला सुरुवात झाली. हेतू असा की मोठेपणी माद्यांनी इथे परतून अंडी घालावीत. पहिली काही वर्षं जी पिल्लं निघाली त्यांत नरच जास्त होते. अंडी घालायला परतणार कोण? नर तर जन्मात एकदा समुद्रात शिरला की पुन्हा किनाऱ्यावर पाऊल टाकत नाही. चूक उमगल्यावर ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उबवणीचं तापमान वाढवलं आणि मग पारडं माद्यांकडे झुकलं.

यात कुणी निष्काळजी नव्हतं, हेच खरं तर घाबरवणारं आहे. माणसं कळकळीची होती, शास्त्र जाणणारी होती. पण ताजं पिल्लू तळहातावर घेऊन तो नर की मादी हे सांगता येत नाही. नराची लांब शेपूट दिसायला तो वयात यावा लागतो, आणि त्याला दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. चुकीचं फळ हाती यायलाच इतका वेळ लागतो की तोवर चूक करणारे निवृत्त झालेले असतात.

हवामानबदलाची गोष्ट इथून सुरू होते. कासवांच्या कुळानं दहा कोटी वर्षांहून अधिक काळ हिमयुगं आणि उकाडे पाहिले आहेत. तापमान बदलणं त्यांना नवं नाही, त्याचा वेग नवा आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलियातून एक आकडा आला आणि जगभर गाजला. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या उष्ण किनाऱ्यांवर, मुख्यतः रेन बेटावर जन्मलेल्या हिरव्या कासवांपैकी लहान पिल्लांत ९९.१ टक्के माद्या निघाल्या. त्याहून थोड्या मोठ्यांत ९९.८ टक्के. प्रौढांत ८६.८. दोन दशकांहून अधिक काळ तिथे जवळजवळ फक्त मुलीच जन्माला येत होत्या, आणि किनाऱ्यावर मात्र सगळं झकास दिसत होतं. अंडी घालणाऱ्या माद्यांची तिथे रीघ लागते.

आता यावरून लगेच ‘कासवं संपणार’ असा गळा काढण्यात अर्थ नाही. नर विणीला माद्यांपेक्षा जास्त वेळा येतात. मादी दोन-तीन वर्षांआड अंडी घालते, कितीतरी नर दरवर्षी हजर असतात, आणि एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. त्यामुळे पिल्लांत मुली जास्त असल्या तरी विणीच्या जागी जोडी बरीचशी जमून येते. थोडा मादीकडचा कल तर कासवांच्या बऱ्याच किनाऱ्यांवर आधीपासूनच आढळतो. अडचण सुरू होते ती उष्णता आणखी चढल्यावर. तेहतीस-चौतीस अंशांच्या पुढे वाळू फार काळ राहिली की नर-मादीचा प्रश्नच उरत नाही, अंडं आतल्या आत मरतं.

मला जास्त अस्वस्थ करतो तो या दोन टप्प्यांमधला काळ. माद्या वाढल्या की काही वर्षांनी घरटी वाढतात. वन्यजीव खात्याच्या, संस्थांच्या, वर्तमानपत्रांच्या दृष्टीनं कासवांची प्रगती मोजायचं एकच माप आहे, घरट्यांची संख्या. ‘यंदा विक्रमी घरटी’ ही बातमी आपण आनंदानं वाचतो. कोकणात वाढणारी घरटी वीस वर्षांच्या पहाऱ्याचं फळ असू शकतात, जास्त किनारे पाहिले जातात म्हणूनही असू शकतात, आणि तापलेल्या वाळूची पहिली खूणही असू शकतात. नुसता आकडा या तिघांत भेद करत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ओडिशात ऋषिकुल्येच्या मुखाशी काही दिवसांत सहा लाखांहून अधिक माद्यांनी अंडी घातली. दृश्य थक्क करणारं होतं, पण त्या गर्दीत नर किती हे किनाऱ्यावरून दिसत नाही.

भेद करायचं एक साधन मात्र आपल्या हाताशी पडून आहे, आणि त्याचा पुरेसा गवगवा होत नाही याचं मला नवल वाटतं. ते म्हणजे अंडी राखणाऱ्या कासवमित्राची वही. जानेवारीच्या गारव्यात घातलेली अंडी फुटायला पंचावन्न-साठ दिवस घेतात. एप्रिलमध्ये तीच पंचेचाळिशीत फुटतात. वाळू जितकी गरम तितका मुक्काम कमी. म्हणजे अंडी घातल्याची तारीख आणि पिल्लं बाहेर आल्याची तारीख यांतलं अंतर हाच एक तापमापक. वाळूत काही घरट्यांपाशी खरे तापमापक पुरून त्या अंतराची एकदा पडताळणी केली, की जुन्या नोंदींवरून गेल्या वीस वर्षांत कोकणच्या वाळूत नर किती आणि माद्या किती निघाल्या असाव्यात याचा अंदाज बांधता येतो. जगभर संशोधक हीच रीत वापरतात. गावातल्या पोरांनी पहाटे घरट्यावरची टोपली उचलून, पिल्लं मोजून, बॉलपेननं लिहिलेल्या या वह्या म्हणजे हवामानाचं दफ्तर आहे. ते एकत्र करून, तपासून, लोकांपुढे ठेवायला हवं. त्यासाठी कुठल्या उपग्रहाची गरज नाही.

उपग्रह आठवला तो अर्थात २०२३ च्या बागेश्रीमुळे. गुहागरला उपग्रह-टॅग लावून सोडलेली ती मादी केरळ, श्रीलंका करत बंगालच्या उपसागरात जाऊन पोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत उलटंच घडलं: २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला टॅग लावलेली एक मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, ही आपली वाटणी त्यांना ठाऊक नाही. त्यामुळे ओडिशातल्या लाखांपुढे कोकणातली घरटी चिल्लर आहेत, असं म्हणणं चूक ठरतं. एकाच किनाऱ्यावर, एकाच आठवड्यात लाखो अंडी पडणं म्हणजे सगळा पैसा एका पेढीत ठेवणं. तो आठवडा उष्ण निघाला तर सगळी पिल्लावळ एका बाजूला झुकते. कोकणातली घरटी विखुरलेली आहेत, चार-पाच महिन्यांत पसरलेली आहेत, वेगवेगळ्या वाळूत आहेत. डिसेंबरच्या थंडीतलं घरटं नर देतं, एप्रिलमधलं माद्या.

कासवाचा स्वतःचा उपाय हाच आहे. त्याला आपल्या शेडनेटची गरज मुळात नव्हती. एकच मादी एका हंगामात दोन-तीनदा अंडी घालते, प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी. एखादं घरटं भरतीरेषेजवळच्या ओलसर वाळूत, एखादं वर मर्यादवेलीच्या जाळीत, एखादं उघड्या टेकाडावर. रत्नागिरी शहरातच काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशा नावांचे किनारे आहेत. काळी वाळू पांढरीपेक्षा जास्त तापते हे अनवाणी चाललेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फ्लोरिडात लॉगरहेड कासवांनी समुद्र तापला तशी विणीची तारीखही काही दिवसांनी अलीकडे आणल्याचं दिसून आलं आहे. जागा बदला, वेळ बदला, हा त्यांचा दहा कोटी वर्षांचा अनुभव. आणि आपण काय करतो? सगळीकडून अंडी गोळा करून एकाच कुंपणात, एकाच खोलीवर, एकाच उन्हात पुरतो. पन्नास घरट्यांची पन्नास वेगवेगळी नशिबं एक करून टाकतो.

हॅचरी बंद करा, असं मी म्हणत नाही. जिथे कुत्रे मोकाट आहेत, जिथे उधाण घरटं गिळणार हे दिसतंय, तिथे ती हवीच. पण जिथे जागच्या जागी जाळी टाकून, वर नजर ठेवून अंडी राखता येतात, तिथे ती हलवू नयेत. याला विरोध पैशांपेक्षा वेळापत्रकाचा होतो. पाहुण्यांना सकाळी अमुक वाजता, संध्याकाळी तमुक वाजता पिल्लं समुद्रात जाताना पाहायची असतात. किनाराभर विखुरलेली घरटी अशी वेळ देत नाहीत. पिल्लं बहुधा रात्री बाहेर पडतात आणि तेव्हाच थेट पाण्याकडे धावतात. वाळूतून वर येताना त्यांच्या अंगात जी झपाट्यानं पोहण्याची रग असते, ती टोपलीखाली वाट पाहण्यात खर्च होते. महोत्सवानं गावाला कासवात रस दिला, उत्पन्न दिलं, हे मान्य. तरी कार्यक्रम पिल्लांच्या सोयीनं आखावा, पाहुण्यांच्या नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

सावलीबद्दलही माझं मत सांगून टाकतो. वाळू मरणाची तापली, अंडी शिजण्याची वेळ आली, तर सावली धरावी. ऑस्ट्रेलियात घरट्यांवर समुद्राचं पाणी शिंपडून वाळू निववण्याचे प्रयोगही झाले आहेत. आणीबाणीत तेही चालेल. पण ‘नर कमी पडतायत, चला थोडे नर काढू’ म्हणून सावली धरणं म्हणजे पाद्रे बेटाची चूक या वेळी जाणूनबुजून करणं. किती नर पुरेसे, हे आधी वह्यांनी आणि तापमापकांनी सांगू दे.

आणि तरीही हा सगळा वाद अंड्यांचा. अंड्यांवर आपलं प्रेम जडलं आहे, कारण ती मोजता येतात, हलवता येतात, त्यांचा फोटो येतो. वाळूचा फोटो कोण काढतो? वेगवेगळी, थंड-गरम, रुंद, अंधारी वाळू शिल्लक राहिली तर कासव आपलं आपण पाहील. ती वाळू मात्र झपाट्यानं आकसते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत घुसलं आणि मंडणगड-दापोलीतल्या नारळ-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. अशा वादळानंतर किनारा मागे सरकतो. त्याला मागे सरकायला जागा हवी. त्याच्या मागे भिंत असेल तर तो सरकत नाही, नाहीसा होतो.

धूपप्रतिबंधक बंधारा हा कोकणातल्या प्रत्येक निवडणुकीतला शब्द आहे. रत्नागिरीजवळ मिऱ्या-पंधरामाडच्या बाजूला दगड आणि काँक्रीटचे टेट्रापॉड रचलेले दिसतात; त्यावर चढून अंडी घालायला कुठलीही मादी जाणार नाही. रेवस-रेडी सागरी महामार्ग होऊ घातला आहे. तो किनाऱ्याच्या जितका जवळून जाईल तितके दिवे आणि तितक्या भिंती त्याच्या पाठोपाठ येतील. उजेडाचं काय होतं हे गोव्यानं मोरजीला पाहिलं आहे: अंधारात पाण्याच्या चकाकीकडे धावायचं सोडून पिल्लं शॅकच्या दिव्यांकडे वळतात. किनारे हिरवे करण्याच्या उत्साहात वाळूच्या टेकड्यांवर सुरूची बनं लावली गेली. सुरूची सावली गार असते, हे खरं. पण त्याची मुळं आणि सुयांचा थर मादीला खणू देत नाहीत, आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल त्याखाली जगत नाही. निसर्ग वादळात उन्मळलेल्या सुरूंच्या जागी पुन्हा सुरूच लावावेत का, हा प्रश्न वनविभागाला विचारायला हवा.

कायदा कागदावर बरा आहे. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि कासवं अंडी घालतात ते किनारे २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत सगळ्यात कडक वर्गात येतात. पण अधिसूचना आजची भरतीरेषा धरून चालते. समुद्र पुढे येतो तेव्हा ती रेषा सरकते, आणि सरकून जिथे येते ती जागा कुणाच्या तरी सात-बाऱ्यावर असते. तिथे चार पिढ्यांची पोफळीची वाडी असते, विहीर असते, म्हाताऱ्या आईसाठी बांधलेली खोली असते. त्या घरधन्याला ‘बंधारा नको, कासवांना वाळू लागते’ असं सांगायचं तोंड कुणाला आहे? ज्या घरानं वीस वर्षं पहाटे उठून अंडी राखली, त्याच घराला आपली वाडी समुद्राला सोडायला सांगायची, तर त्याची किंमत ठरली पाहिजे आणि ती सरकारी खजिन्यातून, वेळेवर मिळाली पाहिजे. वस्ती असेल तिथे भिंत बांधा. मोकळी टेकडी असेल तिथे एक दगडही ठेवू नका. आणि यांच्या मधल्या पट्ट्यातल्या वाड्यांचा भाव आत्ताच, वादळ यायच्या आधी, मालकांशी बसून ठरवा. बंधाऱ्याला निधी मिळतो, हॅचरीला मिळतो. किनाऱ्याला मागे सरकायला जागा विकत घेऊन देण्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात एक वेगळं लेखाशीर्ष लागेल, आणि ते मांडायची मागणी वेळास-आंजर्ल्याच्या ग्रामसभांकडून आली तर ती टाळणं कुठल्याही मंत्र्याला अवघड जाईल.